रेवाचं लांबलेलं बोरनहाण

परवापासून बडोद्याची हवा कोरडी झाली आहे. सकाळी ओठ फुटतात, दोरीवरचे टॉवेल पापडासारखे कडक होतात आणि आजोबा गळ्यातच असलेला मफलर घरभर शोधत फिरतात. ही हवा आली की मी वरच्या फडताळातून परात खाली काढते. हलवा करायला अशीच हवा लागते. ढगाळ दिवसात कितीही पाक घाला, दाणा गुळगुळीत राहतो, त्यावर काटा धरत नाही.

ईशान, तारा, तुम्ही हा हलवा खाल्ला आहे, पण होताना पाहिलेला नाही. परातीत तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच ठेवायची आणि चमचाभर पाक घालून तो सुकेपर्यंत बोटांनी हलवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. सकाळभर बसलं तरी दाणा जेमतेम पांढुरका दिसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग एका सकाळी त्यावर बारीक काटे दिसायला लागतात. ते आपण आणत नाही, थंडी आणते. मांडवीजवळच्या मराठी दुकानात पुण्याहून आलेला तयार हलवा मिळतो आणि तुमचा निखिलमामा दरवर्षी मला ते सांगतो. मी दरवर्षी बरं म्हणते आणि परात काढते.

आता हलव्याला तुमच्या मामाची रेवा माझ्या शेजारी बसते. पाक घालायचं काम माझं, हलवायचं तिचं. ती बोटं गोल फिरवत राहते, मध्येच दोन दाणे तोंडात टाकते आणि मी पाहिलं की छताकडे बघते.

मागच्या रविवारी फोनवर तारा म्हणाली, "आजी, रेवा माझ्यापेक्षा मोठी आहे ना? मग ती अशी का बोलते? ती बरी कधी होणार?" तुझ्या आईने तुला लगेच गप्प केलं. गप्प करायचं काही कारण नव्हतं. प्रश्न सरळ आहे, त्याचं उत्तरही सरळ देता येतं. मात्र ते फोनवर घाईघाईत देण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते. आईकडून वाचून घ्या.

रेवा आजारी नाही, त्यामुळे तिला बरं व्हायचं नाही. आपलं शरीर असंख्य पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून येतं. शरीर कसं घडवायचं याच्या सूचना त्यांत असतात. रेवाच्या पेशींत एकविसाव्या ठिकाणी दोनाऐवजी तीन गुणसूत्रं आहेत. याला डाउन सिंड्रोम म्हणतात. तिचे डोळे किंचित तिरके आहेत, नाकाचा दांडा बसका आहे, तळहात आखूड आहेत, ते त्यामुळेच. पण नीट पाहिलंत तर तिची हनुवटी निखिलमामाची आहे आणि कपाळ हेतलमामीचं. रागावली की भुवया आजोबांच्या.

हे तिसरं गुणसूत्र जास्तीचं का आलं याला कारण नसतं. पेशी तयार होताना कधीकधी तसं होतं. आईने काय खाल्लं, काय पाहिलं, किती धावपळ केली, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण रेवा झाली तेव्हा घरी भेटायला आलेल्या बायकांपैकी दोघींनी तुमच्या मामीला विचारलं होतं की ग्रहण पाळलं नव्हतं का. एक बाई गुजराती होती, एक आपल्यातली. या बाबतीत दोन्ही भाषांत फरक नाही.

मी शिकले तेव्हाच्या शरीरशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत या मुलांसाठी एक शब्द होता. तो मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला कुठे भेटला तरी वापरू नका. रेवाचा तपासणीचा रिपोर्ट हातात आल्यावर मी जुनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि नवीन मागवली. आजोबांनी ती वाचली, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आणि निखिलला म्हणाले, "यात बरंच काही करण्यासारखं आहे." आमच्या घरातला हा सगळ्यात धीराचा शब्द होता.

करण्यासारखं खरंच बरंच होतं. रेवाच्या हृदयाच्या पडद्याला भोक होतं. अशा पुष्कळ मुलांना असतं. ती काही महिन्यांची असताना शस्त्रक्रिया झाली. तिच्या छातीवरची उभी रेघ तुम्ही पाहिली आहे. स्नायू सैल असल्यामुळे तिला दूध ओढायला जमायचं नाही, दोन घोट घेतले की ती दमून झोपायची. हेतल चमच्याने पाजायची आणि पाजता पाजता स्वतः बसल्या बसल्या पेंगायची. मान धरायला, बसायला, चालायला, सगळ्यालाच वेळ लागला. पण प्रत्येक गोष्ट आली. कानात पाणी साठून ऐकू कमी येतं म्हणून तपासण्या, थायरॉइडची गोळी रोज उपाशीपोटी, मानेचे मणके नाजूक असू शकतात म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नाही. ईशान, हे शेवटचं तुझ्यासाठी.

बोलणं सगळ्यात उशिरा आलं. रेवाला समजायचं पुष्कळ, पण जीभ साथ द्यायची नाही. मग स्पीच थेरपीच्या बाईंनी हाताच्या खुणा शिकवल्या. दोन्ही हातांची बोटं चिमटीसारखी जुळवून एकमेकांवर टेकवली की 'अजून'. घरातले सगळेच शिकलो. आजोबा अजून चहा हवा असला की वर्तमानपत्रातून डोकं न काढता तीच खूण करतात. रेवाला आता बोलता येतं, ती मान हलवून म्हणते, "आजोबा, तोंडाने बोला."

लोक म्हणतात, ही मुलं कायम आनंदी असतात, देवाची माणसं असतात. ज्यांनी एकही संध्याकाळ अशा मुलाबरोबर काढलेली नाही ते असं म्हणतात. रेवा रुसते, हट्ट करते, कॅरममध्ये सोंगटी खिशात घालते. गाणं लागलं की नाचते आणि आपण नाचलो की हसते. तिच्या स्वभावात जे आहे ते तिचं आहे.

आता त्या हिवाळ्याबद्दल.

बोरनहाण म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. तुमचं झालं नाही, तिकडे बर्फात बोरं कुठून आणणार! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, शेंगा, हरभऱ्याचे घाटे ओतायचे. ते जमिनीवर पसरलं की बोलावलेली मुलं त्यावर तुटून पडतात. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत करतात. रेवाच्या पहिल्या हिवाळ्यात शस्त्रक्रिया होती. दुसऱ्यात तिच्या छातीत कफ झाला. तिसऱ्या वर्षी हेतल म्हणाली, पुढच्या वर्षी करू. चौथ्या वर्षी पुन्हा तसंच म्हणाली. पाचव्याच्या आतला तो शेवटचा हिवाळा उरला होता.

मला बोरनहाणाची एवढी घाई का होती, ते सांगायला हवं. त्या वर्षी पावसाळा संपल्यापासून हेतल रेवाला खाली सोसायटीच्या बागेत भर दुपारी न्यायला लागली होती. आमच्या कारेलीबाग भागात दुपारी बागेत कोण असतं? वॉचमन आणि कुत्री. संध्याकाळी सगळी मुलं खाली उतरायची तेव्हा या दोघी वर यायच्या. मी गॅलरीतून पाहायची. मोकळी घसरगुंडी, तिच्यावर रेवा, खाली हात पसरून उभी हेतल. रेवा घसरायची, उठायची आणि मागे वळून पाहायची. तिच्यामागे कोणीच नसायचं.

मी विचारलं तेव्हा हेतल म्हणाली, "ऊन चांगलं असतं, आई. व्हिटॅमिन मिळतं."

खरं कारण मला माहीत होतं, कारण आधी मीही संध्याकाळी त्यांच्याबरोबर जात असे. रेवा झोक्याजवळ गेली की झोक्यावरच्या मुलाची आई म्हणायची, "ऊतर बेटा, एने बेसवा दे." मूल उतरायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. रेवा घसरगुंडीवर गेली की रांग बाजूला व्हायची. कोणी तिला ढकललं नाही, कोणी 'माझा नंबर' म्हणून ओरडलं नाही. खालच्या मजल्यावरच्या कोकिलाबेन तिच्या गालाला हात लावून डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "भगवाननुं माणस छे." सगळे चांगलं वागत होते. आणि इतक्या सगळ्या चांगल्या माणसांत रेवा एकटी खेळत होती.

कोणी वाईट वागलं असतं तर हेतल भांडली असती. ती भांडायला कमी नाही, निखिलला विचारा. पण डोळे पुसणाऱ्या बाईशी कसं भांडायचं?

डिसेंबरात मी परात काढली आणि म्हटलं, या वर्षी करायचंच.

हेतल भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आई, बधा जोवा आवशे. खायला नाही यायचे, बघायला यायचे. तिला पाटावर बसवायची, वर मुकुट घालायचा आणि सगळ्यांनी गोल करून बघायचं. मला नाही जमणार."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "बघतील. एकदा पोटभर बघू दे."

"आणि मुलं?"

"मुलं बघत नाहीत. मुलांना चॉकलेटं दिसतात."

तिने तुरीच्या शेंगा सोलायच्या थांबवल्या. मग म्हणाली, "चॉकलेटं मी आणीन. तुमच्या बोरांना कोणी हात लावणार नाही." हा होकार होता. मी पुढे काही बोलले नाही. होकार मिळाल्यावर बोलत राहिलं की तो परत घेतला जातो.

उत्तरायण आलं आणि गेलं. ते तुम्ही व्हिडिओत पाहता तसंच असतं, गच्च्या माणसांनी भरलेल्या, उंधियूचा वास, कोणाचा तरी पतंग कापला की सगळ्या गल्लीतून उठणारा ओरडा. दुसऱ्या दिवशी, शिळ्या उत्तरायणाला, आजोबांनी रेवाच्या हातात फिरकी दिली, तिने ती घट्ट धरली आणि शेवटपर्यंत ढील दिलीच नाही. त्यानंतरच्या रविवारी बोरनहाण ठरलं.

काळा फ्रॉक मी शिवला. हेतलची आई भरूचहून आदल्या दिवशी आली होती. फ्रॉक बघून, शुभ दिवशी मुलाला काळं म्हणून, त्यांनी कपाळाला हात लावला. "काळां कपडां? नाना छोकराने? सारा दिवसे?" मी समजावलं की आमच्यात संक्रांतीला काळंच घालतात, थंडीत ऊब राहते. त्या म्हणाल्या, "ऊब माटे स्वेटर ना होय?" आमच्या आईने तसंच सांगितलं होतं आणि मी तिला स्वेटरचं विचारलं नव्हतं. त्यांनी फ्रॉकच्या आतल्या बाजूला एक लाल टाका घालून घेतला. दोघींचं समाधान झालं.

निखिलने रेवाला सराव दिला. तीन-चार संध्याकाळी त्याने दिवाणखान्यात चादर घातली, रेवाला पाटावर बसवून डोक्यावरून वाटीभर चुरमुरे ओतले आणि मग तो, आजोबा आणि मी ओरडत चुरमुऱ्यांवर पडलो. आजोबांना गुडघे टेकायला वेळ लागायचा, तोवर रेवा खिदळून आडवी व्हायची. मग बोटं जुळवून खूण करायची, अजून. चिमटीने बारीक वस्तू उचलणं तिला अवघड जायचं आणि थेरपीच्या बाई त्याचा रोज सराव करायला सांगायच्या. चादरीवरचा एकेक चुरमुरा उचलून ती वाटीत टाकायची तेव्हा आम्हाला वाटायचं, बोरनहाण हा एका डॉक्टरनेच काढलेला प्रकार असावा.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक शहाणपणा केला.

मी आमंत्रण द्यायला घरोघर गेले तेव्हा प्रत्येक आईला सांगितलं की मुलांना जरा जपून घ्यायला सांगा, रेवा पडली तर छातीला लागायला नको. निखिलने लिफ्टमध्ये भेटलेल्या मुलांना सांगितलं की रेवाला आधी घेऊ द्या. रविवारी मुलं आली तेव्हा आजोबांनी त्यांना दारातच थांबवून छोटंसं भाषण केलं. आजोबांची छोटी भाषणं तुम्हाला माहीत आहेत. त्यात रेवाच्या स्नायूंबद्दलही काही होतं. वर प्रत्येकाच्या आईने घरून निघताना आपल्या परीने तंबी दिलीच होती. म्हणजे जी गोष्ट एकदा सांगितली तरी जास्त झाली असती, ती त्या मुलांना चार वेळा सांगून झाली होती.

रेवा छान दिसत होती. मुकुट, हार, बांगड्या, कमरपट्टा, सगळं पांढरंशुभ्र. बांगडीतला एक दाणा तिने ओवाळतानाच चावला. मी तिला औक्षण केलं, हेतलच्या आईने केलं, मग मी भरलेली थाळी उचलून तिच्या डोक्यावरून हळूहळू ओतली. चुरमुरे तिच्या केसांत अडकले, बोरं घरंगळत सोफ्याखाली गेली, सोनेरी कागदातली चॉकलेटं तिच्या पायापाशी पडली.

एकही मूल हललं नाही.

सगळी मांडी घालून, हात मांडीत ठेवून, गोल बसली होती. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसतात तशी. रेवाने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. ती ओरड्याची वाट पाहत होती. सरावात तर ओतल्याबरोबर गोंधळ व्हायचा. मी दुसरी थाळी ओतली. पुन्हा तेच. तळमजल्यावरच्या भाविकाची हीर, रेवापेक्षा थोडी मोठी, पाच-साडेपाच वर्षांची असेल, तिची नजर एका चॉकलेटावर खिळली होती. आता घेऊ या का, असं तिने हळूच विचारलं, "मम्मी, हवे लईए?"

"पहेलां रेवा लेशे, पछी तमारो वारो," भाविका म्हणाली. आधी रेवा घेईल, मग तुमची पाळी.

मग सगळेजण रेवाला सांगायला लागले. ले बेटा, घे बाळा, जो केवुं सरस छे. मोबाइल उंचावले गेले. रेवाने काही घेतलं नाही. तिचा खालचा ओठ बाहेर आला. कोकिलाबेनने पदर डोळ्यांकडे नेला. खोलीत ती बागेतली शांतता आली होती आणि ती आम्हीच घरोघर जाऊन आमंत्रण देऊन आणली होती.

हेतल इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोटोत यायचं नाही म्हणून ती मुद्दाम मागे राहिली होती. ती मागे वळली, ओट्यावरून उरलेल्या चॉकलेटांचा डबा घेतला, चुरमुऱ्यांची पिशवी घेतली, पुढे येऊन दोन्ही एकदम रेवाच्या डोक्यावर उपडी केली आणि गच्चीवर ओरडतात त्या आवाजात ओरडली, "अरे, बेसी शुं रह्यां छो? लूंटो!"

एक क्षण मुलांनी आपापल्या आयांकडे पाहिलं. मग धरण फुटावं तशी ती आत घुसली. कोण कोणाच्या अंगावर पडलं ते कळेना. चुरमुरे पायाखाली कुरकुरत होते, एकाने फ्रॉकची झोळी केली, एकाने दोन्ही गालांत बोरं भरली. रेवा पाटावरून ढकलली गेली आणि बुडावर आपटली. मुकुट तुटला. माझा हात आपोआप पुढे गेला. हेतलने माझं मनगट धरलं.

"राहू दे, आई."

तिलाही पुढे जायचं होतं. तिने मला धरलं होतं की स्वतःला, ते मला आजही सांगता येणार नाही.

रेवा उठली. रडली नाही. तिने त्या गर्दीत डोकं घातलं, आत शिरली आणि सोनेरी कागदावर हात ठेवला. त्याच कागदावर हीरचाही हात होता. दोघी ओढायला लागल्या. हीर म्हणाली, "मारुं छे!" रेवा म्हणाली, "माझं!" तो शब्द तिने इतका स्पष्ट आधी कधी उच्चारला नव्हता, घरात तिला तो कधी लागलाच नव्हता. हीरने जोर लावून चॉकलेट काढून घेतलं. रेवाने तिच्या दंडाला चावा घेतला. हीरने भोकाड पसरलं, पण रडत रडत कागद काढला आणि चॉकलेट तोंडात टाकलं. मग रेवानेही भोकाड पसरलं.

मोठी माणसं धावली. कोकिलाबेन दुसरं चॉकलेट शोधायला लागल्या. भाविकाने हीरला बाजूला ओढलं आणि घाईघाईने म्हणाली, "कंई वांधो नहीं, हेतल, कंई वांधो नहीं. एने क्यां खबर पडे?"

तिला कुठे कळतंय, असं ती म्हणाली. मायेनेच म्हणाली.

हेतलने रेवाला उचललं नाही. तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चावायचं नाही. हीरला दुखलं. सॉरी म्हण." रेवाने मान फिरवली. हेतलने ती पुन्हा वळवली. बऱ्याच वेळाने रेवाने छातीवर मूठ फिरवून सॉरीची खूण केली. मग हेतल उभी राहिली आणि भाविकाला म्हणाली, "एने बधी खबर पडे छे. पुन्हा केलं तर मला सांग. सोडून नको देऊस."

भाविका मान हलवून हीरला घेऊन गेली. पाहुणे लवकर पांगले. फरशी चिकट झाली होती, सोफ्याखाली पुढचे कित्येक दिवस बोरं सापडत राहिली. हेतलची आई तुटलेला मुकुट गोळा करत होती आणि चांगलंच झालं म्हणून मला धीर देत होती, "सारुं थयुं, सारुं थयुं." आजोबा खुर्चीत बसून म्हणाले, "माझं भाषण जरा लांबलं का?"

रात्री जेवताना निखिल काळजीत होता. पुस्तकांत लिहिलं आहे, तो म्हणाला, की चावायची सवय लागली तर सोडवायला कठीण. ते बरोबर होतं. रेवाला पुढे खरोखर ती सवय लागली आणि सोडवायला आम्हाला एक अख्खं वर्ष लागलं. त्यात गंमत काही नव्हती. अशा मुलाला वाढवताना एक दिवस उजाडतो आणि सगळं सोपं होतं, असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका. नियम शंभर वेळा सांगावा लागतो, तोही प्रत्येक वेळी तोच आणि तशाच शब्दांत. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही म्हटलं की रेवा हो म्हणणाऱ्याकडे जाते. तारा, तूही जातेस.

आता ती शाळेत जाते, साध्या शाळेत. तिच्यासाठी वर्गात एक जास्तीच्या शिक्षिका असतात. ती दुकानांच्या पाट्या वाचते, गुजराती आधी, मराठी मागून. गणितात मागे आहे आणि मागे राहील. पुढे ती काय करेल, आमच्यामागे कशी राहील, याचा विचार निखिल आणि हेतल करतात, आम्हीही करतो. त्या विचाराचं उत्तर अजून मिळालेलं नाही. ज्यांना जास्तीचं गुणसूत्र नाही त्यांच्याबद्दलही ते मला नीट देता येत नाही.

बोरनहाणानंतरच्या सोमवारी हेतल रेवाला घेऊन संध्याकाळी खाली गेली. मी गॅलरीत गेले नाही. मुद्दाम भांडी लावत बसले. त्या आठवड्यात ती रोज गेली आणि रोज काही न बोलता परत आली.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात भाविका होती. जिना चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती, केस विस्कटले होते आणि चेहरा लाल झाला होता. तिने मला जय श्रीकृष्णही केलं नाही.

"हेतल क्यां छे? हेतल! तारी रेवाए आज मारी हीरना वाळ खेंच्या. लपसणी पर लाईनमां ऊभी ज नथी रहेती, बधाने धक्का मारे छे. में बे वार कह्युं, मारुं सांभळती ज नथी. तुं एने वढ!"

म्हणजे तक्रार अशी, की रेवाने केस ओढले, घसरगुंडीवर रांग मोडली, सांगितलेलं ऐकलं नाही आणि आता तिच्या आईने तिला रागवावं. भाविका एका दमात बोलली. तिच्या आवाजात दयेचा लवलेशही नव्हता. नुसता संताप होता.

हेतल पीठ मळत होती, तशीच हाताला कणीक लागलेली बाहेर आली. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "हीरने पण रेवाला खाली ढकललं होतं काल, मी काही बोलले नाही. पण केस ओढायचे नाहीत, ते बरोबर. सॉरी, भाविका. मी बघते." भाविका अजून जरा धुसफुसत होती. "ढकललं? मग काल का नाही सांगितलंस? हीरलाही रागावते." असं गुजरातीत पुटपुटत ती जिना उतरून गेली.

दार बंद झालं. हेतलने रेवाला समोर उभं केलं आणि रागावली. खरंखुरं रागावली, बोट उगारून, आवाज चढवून, उद्या खाली न नेण्याची धमकी देऊन. रेवाने आजोबांसारख्या भुवया केल्या आणि पाय आपटत आतल्या खोलीत गेली.

हेतल स्वयंपाकघरात परतली. कणकेच्या हातानेच तिने फोन उचलून भरूचला लावला. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली हे माहेरी कळवताना आपला आवाज जसा होतो, तशा आवाजात ती म्हणत होती, "बा, सांभळ ने. आज रेवानी फरियाद आवी."